घेणारी तीच, विकणारी तीच

केनियातल्या ओल कालू गावच्या बायकांना शेअरबाजार डोळ्यांनी बघायचा होता, आणि त्यांनी तो बघितला. कुठून बुद्धी झाली आणि गेलो, असं त्यातल्या दोघीतिघी पुढे म्हणाल्या. पण त्या सकाळी त्यांचा थाट काय विचारता. ठेवणीतले स्वेटर, डोक्याला नवे कोरे रुमाल, आणि पिशव्यांत मंडाझींची चळत, कारण नैरोबीत तळलेल्या मंडाझीला चव नसते यावर सगळ्यांचं एकमत होतं. मटाटू गाडीवाल्यानं भाडं वाढवून सांगितलं तेव्हा गटाची अध्यक्ष वांगेची त्याला म्हणाली, "अरे बाबा, आज आम्ही सिमेंट कंपनीच्या मालकिणी व्हायला निघालोय. मालकिणींना लुबाडतोस होय रे?" त्यानं दात काढले आणि वाढवलेलं भाडंच घेतलं.

गाथोनी खिडकीशी बसली होती. तिला आज दोन्ही बाजूंनी मान होता. एक म्हणजे सौदा तिच्या लेकीच्या हातून व्हायचा होता. न्याकियो किहारासाहेबांच्या शेअरदलालीच्या पेढीत होती, बाजारात लाल कोट घालून फळ्यासमोर उभी राहणाऱ्यांपैकी. न्याकियो हे खरं तर गाथोनीच्या आईचं नाव. आईचं नाव लागलेल्या लेकीला नावानं हाक कशी मारायची, म्हणून ती तिला 'माय' म्हणायची. दुसरं म्हणजे ज्या कंपनीचे शेअर घ्यायचे ते लारे सिमेंट गाथोनीच्या नवऱ्यानं उभा जन्म पाठीवरून वाहिलेलं. कंपनी बाजारात आली तेव्हा हमालांनाही थोडे शेअर मिळाले होते, ते तो जाताना हिच्या नावावर करून गेला. गटाच्या बैठकीत कुणी कां कू केलं की गाथोनी म्हणायची, "त्या सिमेंटवर माझी चूल पेटलीय. मी सांगते ना."

गटाचा पैसा होता बल्क कूलरसाठी. सकाळचं दूध न्यायला डेअरीची गाडी यायची. संध्याकाळचं दूध मात्र रात्रभर ठेवायचं कुठं? सायकलवाला गवळी दारात उभा राहून निम्म्या भावानं मागायचा, आणि देणार नाही म्हटलं तर हसत म्हणायचा, "मग वासरांना पाजा की." कित्येकदा तेच केलं होतं त्यांनी. गावात दूध गार ठेवायची स्वतःची टाकी आली की त्या गवळ्याचं तोंड बघायचं नाही, या एका ईर्ष्येवर बायकांनी वर्षानुवर्षं पैसा साठवला. पण पैसा साठे तसतशी कूलरची किंमत पुढे पळे. बँकेत ठेवून ती गाठता येईना. मग न्याकियोनंच सुचवलं, आमच्या साहेबांना भेटा.

किहारासाहेब स्वतः ओल कालूला आले. चिखलातून चकचकीत बूट सांभाळत आले, वांगेचीच्या घरी बसून बटाट्याचा मुकिमो दोनदा मागून खाल्ला, आणि लारे सिमेंट नाताळापर्यंत कुठल्या कुठे जाईल ते समजावून सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. त्या सगळ्या बटाटेबाजारात वाढलेल्या. गोड बोलणाऱ्याला कसं जोखायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. वांगेची म्हणाली, "साहेब, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. आमची अट एकच. तुमची पेढी स्वतःसाठी जे घेते, तेच आमच्यासाठी घ्यायचं. स्वयंपाकीणबाई ज्या पातेल्यातलं जेवते, त्याच पातेल्यातलं आम्हाला वाढा." किहारासाहेबांनी छातीवर हात ठेवून मान लववली. "आई, याहून शहाणी अट मला आजवर कुणी घातली नाही," ते म्हणाले. बरोबर पेचात पकडला, अशा नजरेनं बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्या रात्री गाथोनीला समाधानाची झोप लागली.

तर आता त्या सगळ्या बाजाराच्या वरच्या सज्जात, काचेला नाक लावून उभ्या होत्या. खाली मोठ्ठा पांढरा फळा, त्यावर कंपन्यांची नावं, आणि समोर लाल कोटवाल्यांची लगबग. आवाज वर येत नव्हता, नुसती तोंडं हलताना दिसत होती. शिपायानं आल्याआल्या बजावलं होतं की इथे खायचं नाही, त्यामुळे मंडाझी पिशवीतच राहिल्या आणि वांगेचीचा जीव तिथेच अडकला होता.

"ती बघ, ती बघ आपली पोरगी," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या एका बाजूला झुकल्या. न्याकियो फळ्याजवळ उभी होती. ताठ, केस मागे घट्ट बांधलेले, हातात पेन. गाथोनीचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? तिच्या कॉलेजची वर्गणी मी दिली म्हणून मी रडायला पाहिजे," वांगेची म्हणाली. "तेवढ्यात एक गाय आली असती."

"नाही दिली का तिनं साखरेची पोती दर नाताळाला?"

"दिली गं. गंमत केली."

फळा वाचायला न्याकियोनंच आईला शिकवलं होतं, सुट्टीला आली की चुलीपुढं बसून, राखेत बोटानं रेघा ओढून. कंपनीच्या नावापुढे डावीकडे घेणारा, उजवीकडे विकणारा. नावं लिहायची नाहीत, नुसता पेढीचा नंबर लिहायचा. किहारांची पेढी चौदा नंबर. दोन्हीकडचा भाव जुळला की रेघ मारायची, सौदा झाला. गाथोनी आता डावीकडच्या चौदाची वाट बघत होती.

न्याकियो पुढे झाली. लारे सिमेंटसमोर तिनं चौदा लिहिलं. उजवीकडे.

गाथोनीला वाटलं, पोरगी गडबडली. ती काचेवर टकटक करणार होती. तेवढ्यात न्याकियो दोन पावलं डावीकडे सरकली, तिथेही चौदा लिहिलं, वळून मोठ्यानं काहीतरी पुकारलं, आणि दोन्ही आकड्यांवर सरळ रेघ मारली. आजूबाजूच्या लाल कोटांपैकी कुणी मानसुद्धा वळवली नाही.

"झालं का?" वांगेचीनं विचारलं. "इतक्यात? मला वाटलं घासाघीस होईल."

बाकीच्या टाळ्या वाजवू लागल्या. शिपाईही हसला. गाथोनीनं टाळी वाजवायला हात उचलले, ते तसेच राहिले. ओल कालूच्या बटाटेबाजारात दलाल तिनं आयुष्यभर बघितले होते. दलालानं मध्ये उभं राहावं, दोन्हीकडून मजुरी घ्यावी, त्याला कुणाची ना नाही. पण स्वतःचीच पोती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची असली, तर आधी तोंडानं सांगायचं, की बाई, माल माझाच आहे, बघून घे. न सांगता मारली आणि कळलं, तर बायका त्याला गाडीवरून खाली ओढायच्या. एकाला गाथोनीनं स्वतः ओढला होता.

थोड्या वेळानं न्याकियो वर आली. तिच्या जागी पेढीचा दुसरा माणूस, ओमोंडी, फळ्यापाशी उभा राहिला. बायकांनी तिला गराडा घातला. कोट किती छान, बारीक किती झालीस, खातेस की नाही, सगळं एकदम.

"घेतले का गं सगळे?" वांगेचीनं विचारलं.

"सगळे. एका दमात मिळाले."

"गुणाची माझी बाय," म्हणत वांगेचीनं तिचा गाल ओढला.

गाथोनीनं लेकीचा दंड धरला आणि तिला जिन्याकडे नेलं. तिथे कुणी नव्हतं.

"माय, ते शेअर विकणारा कोण होता?"

"असतं कुणीतरी, आई. बाजार आहे."

"उजवीकडचा चौदा तूच लिहिलास. मला डोळे आहेत."

न्याकियो हसली. "तुला शिकवलं हेच चुकलं माझं. अगं, पेढी दोन्ही कामं करते. गिऱ्हाइकासाठी घेते-विकते, स्वतःसाठीही घेते-विकते. आज पेढीला आपले शेअर विकायचे होते, तुम्हाला घ्यायचे होते. घरच्या घरात काम झालं. मी रीतसर पुकारलं तसं, तुम्हाला काचेमुळे ऐकू आलं नाही."

"पण किहारानं कबूल केलं होतं. स्वतःसाठी घेतो तेच तुमच्यासाठी घेऊ म्हणून."

"घेतलेच होते की. मार्चमध्ये घेतले होते. तुमची अट त्यांनी मोडलेली नाही."

गाथोनी तिच्याकडे बघत राहिली. काय घेता ते विचारलं होतं. कधी घेतलं आणि विकणार कधी, हे एवढ्या बाजारच्या बायकांपैकी एकीलाही विचारायचं सुचलं नव्हतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"मार्चमध्ये घेतले, आज विकले," ती सावकाश म्हणाली. "चांगला माल आहे तर विकले का?"

"आई, तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

"विकले का ते सांग."

न्याकियोनं जिन्याच्या वर-खाली बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "मोठ्या भट्टीला तडा गेलाय. कारखाना महिनोन् महिने बंद राहील. शुक्रवारी जाहीर होईल. साहेबांचा मेहुणा तिथंच आहे."

"मग शुक्रवारी काय होईल?"

"निम्म्यावर येतील शेअर. कदाचित त्याच्याही खाली."

गाथोनीनं कठडा धरला. काचेपलीकडे वांगेची बायकांना दोन्ही हात पसरून कूलर केवढा असेल ते दाखवत होती.

"तुला हे कधी कळलं?"

"झाले काही दिवस."

"आणि तरी तू..."

"मी नाही म्हटलं असतं तर ओमोंडीनं पुकारलं असतं. त्याला काय, तो टपूनच बसलाय. माझी नोकरी गेली असती आणि तुमचे पैसेही गेलेच असते." मग तिनं आईचा हात हातात घेतला, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. लहानपणी शाळेतून बक्षीस घेऊन यायची तेव्हा व्हायचा तसा. "तू घाबरू नकोस. तुझं मी बघितलंय."

"माझं काय बघितलंस?"

"बाबांचे शेअर. कागद पेढीतच होते ना. आजच्या पुकाऱ्यात सगळ्यात आधी तुझे घातले, मग पेढीचे. साहेबांना सरळ सांगितलं, आधी माझ्या आईचे सुटू देत, नाहीतर मी पुकारणार नाही. ऐकलं त्यांनी. तुझे पैसे वाचले, आई."

गाथोनीला आधी कळेचना. शब्द कानात शिरले, पण त्यांचा अर्थ लागेना. मग लागला.

"ते घेतले कुणी?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"गटानंच."

"म्हणजे मी विकले. वांगेचीला. सगळ्या जणींना. मी."

"तू नाही, मी विकले तुझ्या वतीनं. सह्याबिह्यांचं मी बघते, कुणाला कळणारही नाही."

"अगं, त्यांना मीच सांगितलं होतं घ्या म्हणून," गाथोनी म्हणाली. "त्या सिमेंटवर चूल पेटली म्हणून सांगितलं. बैठकीत उठून सांगितलं."

"म्हणूनच तर. त्यांच्याबरोबर तूही बुडायचं, यात काय शहाणपण आहे? तुला वाचवायला लेक होती. त्यांना नव्हती, त्याला मी काय करू?"

"तुला कॉलेजात कुणी धाडलं? त्या दिवशी चर्चच्या अंगणात टेबल मांडून बसले होते मी आणि तुझा बाप. त्या बायकांनी एकेक करून पैसे आणून ठेवले टेबलावर. नाव पुकारून ठेवले. त्यांनी त्यांच्या पोरींना पाठवलं नाही गं, तुला पाठवलं."

"आणि मी फेडतेय. दर नाताळाला फेडतेय," न्याकियो म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता. "साखर, तेल, ज्याला त्याला नोकरी लावून दे, ज्याच्या त्याच्या पोराची फी भर. किती दिवस फेडू? जन्मभर? घराचं कर्ज आहे माझ्यावर, लेकरू आहे. मी एकटी आहे, आई. मी फक्त माझ्या माणसाचं बघितलं."

गाथोनीनं हात सोडवून घेतला. लेकीचं सगळंच खोटं नव्हतं, हे तिला त्याही वेळी कळत होतं, आणि त्यानं तिची आणखीच आग झाली. ती जिना उतरायला लागली.

"कुठे चाललीस? आई. खाली नाही जाता येत. आई, थांब ना."

खालच्या दाराशी शिपाई होता. "मावशी, सज्जा वर आहे."

"मला ठाऊक आहे सज्जा कुठे आहे. माझे शेअर इथे विकले गेलेत. मला ते बघणाऱ्या माणसाशी बोलायचंय."

"ती माझी आई आहे. तिला बरं वाटत नाहीये," मागून न्याकियो म्हणाली.

"मला चांगलं बरं वाटतंय," गाथोनी म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की आतल्या टेबलापाशी बसलेल्या माणसानं मान वर केली. तो मुटिसो. सौद्यांवर लक्ष ठेवणारा बाजाराचा अधिकारी. त्यानं हातानं खुणावलं, येऊ दे.

"काय झालं, मावशी?"

"ते लारे सिमेंट. चौदा-चौदा. त्यात माझे शेअर विकलेत. मी कुणाला विका म्हटलेलं नाही."

मुटिसोनं आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या लाल कोटाकडे. मग त्यानं तिचं ओळखपत्र मागितलं, समोरच्या माणसाकडून कसलीशी खात्री करून घेतली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा. आता नीट ऐका. पेढीनं आपलाच माल आपल्याच गिऱ्हाइकाला विकला, तर मी त्यात पडू शकत नाही. भाव फळ्यावरचा होता, पुकारून झाला, नियमात बसतं."

"हे नियमात बसतं?"

"बसतं. पण मालकाला न विचारता शेअर विकणं बसत नाही. आणि एका पुकाऱ्यात गेला तो सगळा एक सौदा. त्यातला एक शेअर जरी चोरीचा निघाला, तरी मला सगळा सौदा पुसावा लागतो. तुमचेही परत, घेणाऱ्यांचे पैसेही परत. बाजार सुटायची घंटा व्हायच्या आत मात्र. त्यानंतर वर्षभर खेटे घाला."

सगळा सौदा. म्हणजे कूलरचे सगळे पैसे. लेकीनं आईला वाचवायला म्हणून जे केलं होतं, त्याच एका गोष्टीनं सगळ्या वाचत होत्या.

"पुसा मग," ती म्हणाली.

"पुसतो. पण मला विचारावं लागेल, की तुम्हाला न विचारता विकले कुणी. तुम्ही नाव घ्यायचं, माझ्यासमोर, त्या माणसासमोर. नाव घेतलं की तो माणूस या जागेवर पुन्हा पाय ठेवणार नाही. पोलिसही येतील कदाचित. मी तुम्हाला आधीच सांगतोय, कारण..." तो थांबला. "कारण मलाही आई आहे."

न्याकियो पुढे येऊन आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली. सगळ्या बाजारासमोर, लाल कोटात. "आई, म्हण की विसरले होते. म्हण की फोनवर हो म्हणाले होते. एवढंच म्हण. मी त्यांचे पैसे हळूहळू भरून देईन, शपथ. पगारातून देईन."

"वांगेची साठीच्या पुढे गेलीय," गाथोनी म्हणाली. "हळूहळू कधी?"

"मग मला तुरुंगात घाल."

गाथोनीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे पोर तापानं फणफणलं होतं तेव्हा पाठुंगळीला बांधून ती डोंगर उतरून दवाखान्यात गेली होती, आणि वाटेत नवस केला होता की हिला वाचव, माझं काहीही घे. तिला ओरडावंसं वाटत होतं, लेकीला मारावंसं वाटत होतं, उराशी घट्ट धरावंसं वाटत होतं. यातलं तिनं काहीच केलं नाही. ती मुटिसोकडे वळली.

"न्याकियो," ती म्हणाली. किती वर्षांत हे नाव लेकीसाठी तिच्या तोंडून निघालं नव्हतं. आपल्या आईलाच चोर म्हटल्यासारखं झालं तिला. "न्याकियो, गाथोनीची. माझी मुलगी. मी तिला विका म्हटलेलं नाही."

मुटिसो उठला. फळ्याशी जाऊन त्यानं काहीतरी पुकारलं, आणि बोळ्यानं दोन्ही चौदा पुसून टाकले. या वेळी मात्र सगळ्या लाल कोटांनी माना वळवल्या. न्याकियो उठून उभी राहिली. तिनं स्वतःच कोट काढला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला. आतलं फिकट ब्लाउज घामानं पाठीला चिकटलं होतं.

वर काचेवर मुठी आपटल्या जात होत्या. मग जिन्यावर पावलं वाजली आणि वांगेची धापा टाकत दारात आली, मागे बाकीच्या.

"काय झालं गं? आपलं पुसलं का त्यानं? कुणाच्या आड आलो आपण?"

"मी पुसायला लावलं," गाथोनी म्हणाली. "कूलरचे पैसे परत आले. ते शेअर पडणार आहेत. पेढीला ठाऊक होतं, म्हणून आपल्याला विकत होते. आणि त्यात माझेही होते. आधी माझेच होते. मला माहीत नव्हतं, पण होते."

वांगेची बघतच राहिली. ती कधी गप्प बसल्याचं गटात कुणाला आठवत नव्हतं. मग ती न्याकियोकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

न्याकियोनं मान डोलावली.

"मघाशी मी तुझा गाल ओढला तेव्हाही?"

वांगेचीनं पिशवी घट्ट छातीशी धरली आणि भिंतीला टेकली. बाकीच्या बायकांत कुणीतरी हुंदका दिला. पैसे वाचल्याचा आनंद एकीच्याही तोंडावर नव्हता.

तेवढ्यात पेढीच्या टेबलावरचा फोन वाजला. ओमोंडीनं उचलला. तो नुसता हं हं करत राहिला. फोन ठेवून त्यानं एकदा न्याकियोकडे बघितलं, लगेच नजर काढली आणि फळ्याकडे गेला. लारे सिमेंटसमोर, नुकत्याच पुसलेल्या जागेवर, त्यानं उजवीकडे चौदा लिहिलं. माल तेवढाच, गाथोनीचे तेवढे वजा. मग दोन पावलं सरकून डावीकडे चौदा लिहिलं. या वेळी काच मध्ये नव्हती, त्यामुळे त्याचा पुकारा गाथोनीला स्वच्छ ऐकू आला. त्यानं रेघ मारली.

मुटिसो आपल्या टेबलापाशी बसला होता. त्यानं बघितलं आणि मान खाली घातली. घंटा वाजली. लाल कोट हसत, बोलत, जेवायला म्हणून दाराकडे येऊ लागले. गाथोनी त्यांच्या वाटेत तशीच उभी राहिली.

"हे कुणाला विकले?" तिनं लेकीला विचारलं. "आपण तर परत केले. मग आता घेतले कुणी?"

न्याकियो फळ्याकडे बघत होती.

"असतील पेढीचेच कुणीतरी," ती म्हणाली. "आज बघायला आले नाहीत ते."